पिंपळजईचा आडवा खांब

१

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळी पोलिसांची जीप पिंपळजईच्या गायरानात शिरली, तेव्हा गाव अजून पुरणपोळीच्या सुस्तीत लोळत होतं. एकाच हाळीनं ती सुस्ती उतरली. "वसंताला धरलं! खांबाची चोरी झाली!"

सरपंच उषाबाई चुलीपुढून तशीच उठली. वसंता तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नाक ओढत फिरायचा आणि आता कुठं त्याला कंपनीकडून राखणदारीचं काम मिळालं होतं. पदराला हात पुसत ती गायरानात पोचली, तर वसंता जीपच्या चाकाशी उकिडवा बसलेला आणि त्याचे हात दोरीनं बांधलेले. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"सरपंच कुठायत?" फौजदारानं विचारलं.

"ही काय तुमच्या समोर उभी."

"तसं नाही हो. मालक कुठायत तुमचे?"

"मालक बहिणीला आणाया तीर्थपुरीला गेल्यात. आन् सरपंच मी हाय. बोला."

फौजदारानं घसा खाकरला आणि मागं बोट केलं. मागं तो खांब आडवा पडला होता.

हा काही विजेच्या तारांचा खांब नव्हे. जालन्याच्या एका कारखान्यात पोलादी पत्रा वळवून केलेला, परदेशात भर समुद्रात उभ्या राहायच्या पवनचक्कीचा हा एक तुकडा. आडवा ठेवला तरी आत उभ्या माणसाचा हात छताला पुरत नसे. मोठ्या रस्त्यावरच्या रेल्वेपुलाखालून तो जाईना, म्हणून जाफराबादच्या अंगानं वळसा घालून मुंबईच्या बंदराकडं चालला होता. पिंपळजईच्या वळणावर ट्रेलरचा आस तुटला. दोन क्रेन आल्या, त्यांनी खांब उचलून गायरानातल्या खोलगट जागेत ठेवला आणि ट्रेलर दुरुस्तीला गेला. तेव्हापासून तो तिथंच. दोन्ही तोंडांवर ताडपत्र्या आवळलेल्या आणि राखणीला वसंता.

"आरे चोरीला गेलेत," कंपनीचे वाहतूक अधिकारी बद्रीनाथ कोलते पुढं होत म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, बूट मात्र चिखलानं माखलेले. "बैलगाडीच्या चाकात आरे असतात ना, तसे या खांबाच्या दोन्ही तोंडांत लोखंडी दांडे बसवतो आम्ही. प्रवासात तोंड गोल राहावं म्हणून. ते काढून नेले यांनी. आता तोंड दबलंय. समुद्रात तुकड्यावर तुकडा बसवायचा असतो, तोंडाला तोंड जुळलं नाही तर सगळा खांब भंगारात."

त्यांच्या शेजारी एक उंच, अबोल माणूस हातात मोजपट्टी घेऊन उभा होता. खरेदीदारांनी पाहणीसाठी पाठवलेला हा साहेब, मद्रासकडचा. सकाळी त्यानंच ताडपत्री उघडायला लावून तोंड मोजलं होतं.

"कवा गेले म्हणता आरे?" उषाबाईनं विचारलं.

"रात्रीच. काल दिवेलागणीला, तुमच्या वेशीत पोळ्याचे ढोल वाजत होते, तेव्हा मी स्वतः दोन्ही ताडपत्र्या वर करून बघितलं. आरे जागच्या जागी होते. मग पाऊस आला, मी जाफराबादला मुक्कामाला गेलो. मागं राहिला हा एकटा."

फौजदार म्हणाला, "पंचनामा होईपर्यंत मी इथं आहे. दुपार टळायच्या आत माल आणून टाका, बाई. नाहीतर ह्याच्यावर गुन्हा दाखल करून घेऊन जातो. जालन्यात लोखंड वितळवायच्या भट्ट्या काय कमी आहेत? एकदा वितळलं की संपलं."

"आमच्या गावात चोर न्हाईत," उषाबाई म्हणाली.

"प्रत्येक गाव हेच म्हणतं."

"मंग हे गाव दाखवून देईल."

बोलून तर बसली. दाखवायचं कसं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

२

फौजदाराला विचारून ती वसंतापाशी बसली.

"वहिनी, मी काय बी नेलेलं न्हाई."

"ते मला सांगू नको, ठाऊक हाय. आरे कुठं गेले ते सांग."

"आरे नव्हतेच."

उषाबाईनं मान वळवून त्याच्याकडं नीट बघितलं. "म्हंजी?"

"आत कायच नव्हतं. मोकळा खांब होता, इकडून तिकडं पार उजेड दिसावा असा."

"तुला कसं ठाऊक? ताडपत्री तर आवळलेली होती. तूच म्हणायचास, साहेबानं हात लावायचा न्हाई असा दम भरलाय."

वसंता मान खाली घालून अंगठ्यानं चिखल उकरत राहिला.

"आरं, बोल की! हातात दोरी पडलीय तुझ्या!"

"वहिनी, माझ्या आईची आण हाय. मी दुसऱ्या कुणाला शबुद देऊन बसलोय. मला नेलं तर नेऊ द्या."

"कुणाला दिलास?"

त्यानं तोंड जीपच्या चाकाकडं वळवलं. उषाबाईला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. या पोरानं आत डोकावून बघितलं होतं, आणि कुणासाठी तरी ते लपवत होता. म्हणजे काल त्या खांबापाशी तिसरं कुणीतरी आलं होतं.

३

ती थेट खांबाच्या तोंडाशी गेली. खांब खोलगटात ठेवल्यामुळं दोन्हीकडं त्याची खालची कड बांधाच्या बरोबरीला आली होती. पाऊल उचललं की आत.

"अहो बाई, कुठं निघालात?" कोलते ओरडले. "आत जायची परवानगी नाही!"

"गायरान पंचायतीचं हाय. त्यात तुमचा खांब ठेवायची परवानगी तुम्ही कुणाला इचारली व्हती?"

फौजदार मिशीत हसला आणि तिच्या मागोमाग आत आला. पाहणीचा साहेबही आला.

आत पांढरा रंग दिलेला, लग्नघराच्या मांडवासारखा उजेड. उषाबाईनं दोन पावलं टाकली आणि खाली बघितलं. रात्रभराच्या पावसानं गायरानातली काळी माती लोण्यासारखी झाली होती, तिच्या पायाला लगद्याचे लगदे चिकटले होते आणि पांढऱ्या पत्र्यावर तिची पावलं काळीकुट्ट उमटत होती. फौजदाराच्या बुटांची तीच गत.

पुढं, खांबाच्या मध्यावर, ती थांबली. तिथं शेणाचा पो पडला होता, वरून सुकलेला. त्याच्या अलीकडं पलीकडं खुरांचे ठसे होते. मोठ्या जनावराचे, दोन रांगांत, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. नुसत्या कोरड्या धुळीचे. फुंकर मारली तर उडतील असे.

"ढोरं आली होती वाटतं," फौजदार म्हणाला.

"ढोरं न्हाई. बैल. आन् ते बी जोडीनं."

तिनं भिंतीवर बघितलं. छातीच्या उंचीला पांढऱ्या रंगावर एक ओरखडा होता. वीतभर लांब, निळा.

कोलते तोंडाशीच उभे होते. "ती कंपनीची खूण आहे," ते घाईनं म्हणाले. "तुकडे ओळखू यायला आम्ही रंग लावतो."

पाहणीच्या साहेबानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "हमारा मार्किंग बाहर होता है. अंदर कभी नहीं."

उषाबाईनं त्या निळ्या ओरखड्यावर बोट फिरवलं. बोटाला निळी पूड लागली, आणि तिनं ते बोट मुठीत मिटलं. कारण पिंपळजईत पोळ्याला बैलांची शिंगं रंगतात ती हिंगुळानं. लालभडक. अख्ख्या गावात झाडून सगळी लाल. फक्त एक गोठा सोडून.

४

त्या गोठ्याकडं वळायच्या आधी तिला दोघांशी बोलायचं होतं. घाईनं एखाद्या बाईचं नाव उघड्यावर आणायचं आणि मग चूक निघायची, हे तिला परवडणार नव्हतं.

पहिले पुंजाराम पाटील. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिली जोडी जाते ती पाटलांची, मग मानाप्रमाणं बाकीच्यांची. क्रेन येताना वेशीतल्या खुंट्या उखडल्या म्हणून पाटील कंपनीवर आधीच खार खाऊन होते.

"मी कशाला त्येंच्या लोखंडाला हात लावू?" पाटील उसळले. "माझं भांडण तोंडावर असतंय. काल सगळं गाव तोरणाखाली व्हतं, सरपंचबाई. गायरानात चिटपाखरू नव्हतं."

"सगळं गाव? समद्या जोड्या गेल्या तोरणाखालून?"

पाटलांनी नजर चुकवली. "एक सोडून. तुम्हाला ठाऊकच हाय. अन् मी बराबरच बोललो. रीत ती रीत."

दुसरा गुलाम नबी, ट्रेलरचा ड्रायव्हर. तो सकाळीच दुरुस्त झालेला ट्रेलर घेऊन परतला होता. बाभळीखाली बिडी ओढत बसला होता आणि तिला बघताच उठून उभा राहिला.

"गुलामभाई, आरे तुम्ही बघितले व्हते?"

"बाई, मी गाडी जोडली तवा ताडपत्री आवळलेली होती. मला बोलले, उघडायची न्हाई, रंग खराब होतो."

"दर टायमाला असंच असतंय?"

त्यानं बिडी पायाखाली विझवली. कोलत्यांकडं एकदा बघितलं. "दर टायमाला मीच आरे कसतो. बंदरावर तुकडा उतरला की खोलून माघारी आणतो, मंग तेच पुढच्या तुकड्याला. जोड्या थोड्याच हायेत ना."

"मंग मागच्या फेरीला आणले माघारी?"

 "माझी नौकरी हाय, बाई," एवढंच गुलाम नबी पुटपुटला आणि पाठ करून उभा राहिला. उषाबाईला त्याचा राग आला नाही. घरात खाणारी तोंडं असली की जीभ जड होते, हे तिलाही कळत होतं.

पण आता आरे कुठं असतील हे तिला उमगलं होतं. ते सिद्ध करायला मात्र निळी शिंगंच लागणार होती. आणि तिकडं फौजदारानं वसंताला उठवून जीपमध्ये बसवायला घेतलं होतं.

५

चतुराबाईचा गोठा गावाच्या कडेला. नवरा गेल्याला वर्ष झालेलं नव्हतं. शेत तीच करायची, एकही काम दुसऱ्याच्या हातानं करून घेत नव्हती. उषाबाई आली तेव्हा ती बैलांपुढं कडबा टाकत होती. दोन पांढरे खिल्लार, अंगावर अजून कालची झूल, आणि शिंगं निळी. डाव्या बैलाच्या शिंगाचा रंग टोकाशी खरवडून निघालेला.

"हिंगूळ का न्हाई लावला, चतुराबाई?"

"रांडमुंड बाईनं लाल रंगात हात घालू नये म्हणले. मंग लावला निळा. निळ्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला न्हाई."

"अन् तोरणाखाली न्यायला बी नको म्हणले."

चतुराबाईनं कडब्याची पेंढी खाली टाकली. "पाटील म्हणले, कासरा गड्याच्या हातात दे, मंग बैल जाऊ दे. उषाबाई, नांगराला मी, पेरणीला मी, पाणी पाजायला मी. वर्षातनं एक दिस बैलाचा सण, तर त्या दिवशी कासरा दुसऱ्याच्या हातात? न्हाई दिला. आले परत."

"परत घरी न्हाई आलीस. गायरानात गेलीस."

 ती बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "गेले. वेशीपरीस मोठी वेस तिथं आडवी पडली व्हती. वसंताच्या हातापाया पडले. भला पोरगा. ताडपत्री सोडली त्यानं दोन्हीकडची. मी आंब्याचा डहाळा खोचला ताडपत्रीच्या दोरीत आन् नेली माझी जोडी आरपार. तिकडं ढोल वाजत व्हते, मी म्हणलं माझ्यासाठीच वाजत्यात. मधी आवाज घुमला तसा हा डावा बुजला, शिंग घासलं त्याचं. वसंतानं डहाळा काढून ताडपत्र्या परत आवळल्या आन् पाऊस यायच्या आधी मी घरी आले. वसंता म्हणला, कुणाला सांगत न्हाई."

"आत आरे व्हते का?"

"कसले आरे? आरे असते तर बैल गेले असते का?"

"तेच तुला समद्यांसमोर सांगावं लागतंय."

चतुराबाईचा चेहरा उतरला. "पाटलांसमोर? मला गावात राहू देतील का?"

"मी सरपंच हाय तवर देतील. अन् मी सरपंच नसले तरी बी. पण तू न्हाई आलीस तर पोरगं जातंय, चतुराबाई. तुला दिलेल्या शबुदापायी जातंय."

गायरानाकडून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. उषाबाई उत्तराची वाट न बघता पळत सुटली.

६

ती जीपच्या समोर जाऊन उभी राहिली. फौजदारानं करकचून ब्रेक दाबला.

"बाई, बाजूला व्हा!"

"चोर सापडला की होते. उतरा खाली."

गाव जमलंच होतं. उषाबाई खांबाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिचा आवाज तिलाच नवा वाटावा इतका खणखणीत निघाला.

"साहेब, तुम्ही आत बैलाचे ठसे बघितले. कोरडे का ओले?"

"कोरडे."

"पाऊस ढोल थांबता थांबता आला आन् रातभर पडला. त्याच्यानंतर बैल आत गेला असता तर आपल्यासारखा चिखल घेऊन गेला असता. म्हंजी बैल पावसाच्या आधी गेले. भिंतीला शिंगाचा रंग लागलाय. शिंगं रंगवली काल दुपारी, त्याच्या आधी रंग कुठला? म्हंजी काल दुपार ते दिवेलागण, ह्या टायमाला बैलांची जोडी या तोंडानं शिरली आन् त्या तोंडानं निघाली. दोन्ही तोंडांत चाकावाणी आरे बसवलेले असते, तर बैल सोडा, वासरू बी गेलं नसतं. आन् कोलते साहेब म्हणत्यात, ढोल वाजत व्हते तवा त्येंनी डोळ्यानं आरे बघितले!"

सगळ्यांच्या नजरा कोलत्यांवर गेल्या. ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अहो, रंग काय, कुणीही आज सकाळी फासेल. शेण, धूळ सगळं आणून टाकता येतं. दिराला वाचवायला ही बाई काहीही करेल. कुठाय ती जोडी? कुणाची?"

 उषाबाईनं गावाच्या वाटेकडं बघितलं. ती नाव घेऊ शकत होती, पण न घेण्याचं तिनं मघाशीच ठरवलं होतं. ते नाव जिचं तिनंच घ्यायचं होतं.

घुंगरं वाजली. गर्दी दुभंगली आणि मधून चतुराबाई आली. एका हातात दोन्ही कासरे, मागं निळ्या शिंगांची जोडी.

"माझी हाय," ती म्हणाली. "मी नेली काल. आरपार. बघा शिंग, बघा भिंत."

फौजदारानं स्वतः जाऊन बैलाचं शिंग पाहिलं, मग आत जाऊन ओरखडा पाहिला. पुंजाराम पाटलांचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजी आम्ही तोरणाखाली जोड्या नेत असताना हिनं हिची..."

"पाटील, ते भांडण उद्या घाला," उषाबाई म्हणाली. "मी बी येते भांडायला. आज गावाचं पोरगं बांधलंय."

पाटलांनी चतुराबाईकडं बघितलं, बैलांकडं बघितलं आणि मग सगळा राग घेऊन ते कोलत्यांवर वळले. "आन् तुम्ही काय म्हणला मघाशी? धूळ आणून टाकली? पोळ्याच्या बैलाचं पाऊल खोटं म्हणता, आमच्या शिवारात उभं राहून?"

पाहणीचा साहेब पुढं आला. हिंदीत, हळू आवाजात त्यानं सांगितलं की तोंड जेवढं दबलंय तेवढं एका रात्रीत दबत नाही. रस्ताभर धक्के खात आल्याशिवाय असं होत नाही. सकाळपासून त्याला तीच शंका होती.

तेव्हा गुलाम नबीला राहवलं नाही. "आरे बंदरावर राह्यलेत, साहेब! मागच्या फेरीचे सुटलेच न्हाई तिथून. मी म्हणलं थांबू, तर हे बोलले, ताडपत्री बांध आन् चल. नौकरी जाते तर जाऊ दे आता."

कोलत्यांनी खिशातून रुमाल काढला. "जहाज थांबणार नव्हतं," ते म्हणाले. "उशीर झाला असता तर माझ्यावर आलं असतं. वाटलं, जाईल नीट. मग आस तुटला, पाहणी आली..."

"मंग वसंता दिसला," उषाबाईनं वाक्य पुरं केलं.

फौजदारानं वसंताच्या हातांची दोरी सोडली. वसंता मनगटं चोळत चतुराबाईसमोर जाऊन उभा राहिला. "मी न्हाई सांगितलं, काकू."

"ठाऊक हाय रं. मीच सांगितलं," ती म्हणाली आणि तिनं एक कासरा त्याच्या हातात दिला.

कोलते फौजदाराच्या कानाशी लागले होते. ट्रेलर दुरुस्त होऊन आला होता, क्रेन वाटेत होत्या, तक्रार मागं घेतो, आता निघू द्या, असं काहीतरी चाललं होतं. उषाबाईनं ते ऐकलं आणि ती सरळ खांबाच्या कडेवर बसली, मांडी घालून.

"असा न्हाई हलायचा हा."

"अहो, तक्रार मागं घेतली ना! गैरसमज झाला," कोलते खालच्या आवाजात म्हणाले.

"कुणाचा गैरसमज?"

"झाला आमचा. सुटला ना तुमचा दीर?"

"सकाळी त्येला चोर म्हणला तवा पार मारुतीच्या देवळापत्तर ऐकू गेलं व्हतं. आता बी तिथपत्तर जाऊ द्या. न्हाईतर बसा तास मोजत. माझ्या घरी चूल हाय, भाकरी इथंच मागवीन."

बायका हसल्या. एकेक करून तिच्या शेजारी येऊन कडेवर बसायला लागल्या. चतुराबाईही बसली, आणि तिला जागा करून देताना कुणी नाक मुरडलं नाही. फौजदार जीपला टेकून उभा राहिला. त्याला काही घाई दिसत नव्हती.

कोलत्यांनी चारी बाजूंना बघितलं. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "वसंतानं चोरी केलेली नाही."

"मोठ्यानं," उषाबाई म्हणाली.

"वसंतानं चोरी केली नाही! मी खोटं बोललो!"

त्या पोकळ खांबात तो आवाज शिरला आणि दुसऱ्या तोंडानं गावाकडं निघून गेला. उषाबाई उठली, तिनं लुगड्याचा चिखल झटकला आणि बायकांना बाजूला व्हायला सांगितलं.

"आता उचला तुमचा खांब," ती म्हणाली. "आन् पुढच्या गावाला आरे लावून जा."